शीव कुठली, पुरावा कुठला: खानापूरच्या रानातल्या एका सामूहिक वनहक्क दाव्याचं प्रकरण

मला या प्रकरणात ओढलं ते मोडी वाचता येतं म्हणून. वनकायदा, ग्रामसभा, जैवविविधता यांतलं तोवर मला वर्तमानपत्रात येतं तेवढंच ठाऊक. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, भीमगडच्या रानातल्या एका गावातून एक तरुण पोरगा दुचाकीवरून बेळगावला आला. प्लास्टिकची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र आणि त्याच्याही आत जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक कागद. "काका, एवढं वाचून द्या. आजोबांच्या पेटीत मिळालंय. पंचाहत्तर वर्षांचा पुरावा पाहिजे म्हणतात." गावाचं नाव मी इथं घालत नाही, माणसांचीही नाही. गावानं आपल्या रानावर सामूहिक हक्क मागणारा दावा 2006 च्या वनहक्क कायद्याखाली घातलाय; तो अजून कचेरीत आहे आणि त्या कचेरीच्या पायऱ्या चढायच्या आहेत त्या त्यांनाच.

कागद अर्धा वाळवीनं खाल्लेला. साल मात्र शाबूत होतं, 1927. मजकूर असा की, सदर इसमानं राखीव रानात म्हशी घातल्या, सबब दंड वसूल करून पावती दिली असे. मी वाचून दाखवलं आणि पोराचा चेहरा उतरला. "म्हणजे आजोबा चोरच ठरले की हो!" मलाही तेव्हा तसंच वाटलं. आम्ही दोघंही चुकलो होतो. त्या कागदानं म्हाताऱ्याला गुन्हेगार ठरवलं होतं हे खरं, पण 1927 साली तो त्या रानात म्हशी चारत होता हेही सरकारनंच सही करून लिहून दिलं होतं. पुढची तीन वर्षं गावाची फाइल त्या पावतीभोवती फिरली.

रान आणि त्यातली माणसं

भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. म्हादई उगम पावते ती ह्याच रानात. इथल्या बारापेडे गुहांत एक वटवाघूळ राहतं. 1913 साली शास्त्रात त्याची नोंद झाली आणि पुढं कित्येक दशकं जगात दुसरीकडं कुठं ते सापडलंच नाही. नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळालं. मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या रॉटन नावाच्या वन अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलंय. गुहेचं नाव गावकऱ्यांचं, वटवाघळाचं नाव साहेबाचं. एवढ्यावरूनही ह्या रानाची कागदपत्रं कुणी लिहिली ते कळतं.

अभयारण्याच्या आत वाड्या-वस्त्या आहेत: गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, आमगाव, देगाव. बहुतेक माणसं मराठी बोलणारी. मराठा, कुणबी आणि रानाच्या कडेनं गवळी धनगरांचे वाडे. भात आणि नाचणी, म्हशी, कोकम, हिरडा, शिकेकाई, मध. पाऊस असा की 2010 साली आमगावला 10,000 मिलिमीटरच्या वर नोंद झाली. जून ते सप्टेंबर ओढ्यांवर लाकडाचे साकव बांधायचे, ते वाहून गेले की परत बांधायचे. 2024 च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला माणसांनी खांद्यावर घेऊन रानातून कित्येक किलोमीटर चालत आणलं. ती बातमी बेळगावपासून बंगळुरूपर्यंत सगळ्यांनी बघितली. रान राखणाऱ्या लोकांची स्तुती करणाऱ्यांनी ती बातमीही ध्यानात ठेवावी. रानात राहणं म्हणजे पोवाडा नाही.

अभयारण्य करताना गावाला विचारलं का? कायद्यानं तशी गरजच पडली नाही. राखीव जंगलाचं अभयारण्य करायचं असेल तर लोकांच्या हक्कांची नव्यानं चौकशी करावीच लागते असं नाही. रान राखीव केलं तेव्हाच तो प्रश्न मिटला, असं धरून चालतात. आणि रान राखीव केलं इंग्रजांनी, 1878 च्या कायद्याखाली. म्हणजे 2011 चा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला होता. तो सुटला नव्हता हे सांगायला आमच्याजवळ दंडाची एक पावती होती.

तीस टक्क्यांत आम्ही आहोत का

त्याच सुमारास बेळगावात एका संस्थेनं दिवसभराची कार्यशाळा घेतली. गावातून तिघं गेले, मीही गेलो. पडद्यावर हिरवा नकाशा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘2030 पर्यंत 30 टक्के’. डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखडा मान्य केला. त्यात 23 उद्दिष्टं आहेत. तिसरं सांगतं की 2030 पर्यंत जमीन आणि समुद्र दोन्हींपैकी 30 टक्के भाग जपणुकीखाली आणायचा, आणि तसं करताना आदिवासी व स्थानिक समुदायांचे हक्क मानायचे. बाविसावं उद्दिष्ट ह्या समुदायांना निर्णयात भाग द्यायला सांगतं. ऐकायला छान वाटतं.

गावातली एक काकी मागच्या बाकावर बसली होती. हात वर न करताच तिनं विचारलं, "त्या तीस टक्क्यांत आम्ही धरलाव काय वगळलाव?"

बोलणारे गृहस्थ जरा थांबले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, ते प्रत्येक देशाच्या कायद्यावर आहे. उत्तर बरोबर होतं, आणि खरी अडचणही त्यातच होती.

गेल्या वीसेक वर्षांत जगाच्या धोरणाची भाषा बदललीय हे नाकारता येत नाही. सप्टेंबर 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी जनांच्या हक्कांची घोषणा मंजूर केली. तिचं दहावं कलम सांगतं की मोकळी, आधी घेतलेली आणि सगळं कळल्यावर दिलेली संमती असल्याशिवाय कुणाला त्याच्या भूमीवरून हलवू नये. 2018 साली संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता करारातल्या देशांनी ठरवलं की सरकारी अभयारण्याबाहेर, लोकांनी आपापल्या रीतीनं राखलेली रानंही जपणुकीच्या हिशेबात धरता येतील. 2024 च्या शेवटी कोलंबियातल्या काली शहरात ह्या समुदायांसाठी कराराखाली एक कायमची उपसंस्था उभी करायचं ठरलं. त्याआधी 1998 पासून नुसता तात्पुरता कार्यगट चालत होता. तात्पुरतं म्हणून सव्वीस वर्षं काढणं सरकारी कामात काही नवल नाही, पण दार उघडलं.

पण दारावरची पाटी ‘आदिवासी’ म्हणते. भारतानं 2007 च्या घोषणेच्या बाजूनं मत दिलं खरं, मात्र भारताची भूमिका अशी की इथले सगळेच लोक इथले मूळचे आहेत. सगळेच मूळचे असतील तर ह्या घोषणेतलं वेगळं माप कुणाला लावायचं? मग उरतो तो आपला अनुसूचित जमातींचा तक्ता.

कार्यशाळेतली आणखी एक गोष्ट मनात राहिली. जगातली 80 टक्के जैवविविधता आदिवासींच्या भूमीवर आहे, असा आकडा पडद्यावर आला. हा आकडा वर्षानुवर्षं मोठमोठ्या अहवालांत फिरत होता. 2024 मध्ये ‘नेचर’ ह्या विज्ञानपत्रिकेत काही संशोधकांनी, त्यांत स्वतः आदिवासी असलेलेही होते, त्याला आधार नाही असं स्पष्ट लिहिलं. 2019 च्या जागतिक जैवविविधता मूल्यमापनातला आकडा साधा आहे: जगातली निदान एक चतुर्थांश जमीन परंपरेनं ह्या समुदायांच्या मालकीची, वापरातली किंवा देखरेखीखालची आहे आणि तिथं निसर्गाची घसरण इतर ठिकाणांपेक्षा कमी वेगानं होतेय. गावच्या अर्जात तेवढंच लिहा असं मी सांगितलं. आपली बाजू खरी असताना उसना आकडा आणून ती कशाला नासवायची?

पंचाहत्तर वर्षं आणि एक रेघ

2006 चा वनहक्क कायदा जगातल्या अशा कायद्यांत मोठा मानला जातो, आणि तसा तो आहेच. तो वैयक्तिक जमिनीबरोबर सबंध गावाला सामूहिक वनसंपत्तीवर हक्क देतो: ती राखायची, वाढवायची, तिचं नियोजन करायचं. दावा ग्रामसभेनं करायचा, शीव ग्रामसभेनं आखायची, पहिला निर्णयही ग्रामसभेचा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ह्या गोंडांच्या गावानं 2009 मध्ये असा हक्क मिळवला. आपल्या कर्नाटकातच बिळिगिरीरंगन डोंगरातल्या सोलिगांना 2011 मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत सामूहिक हक्क मिळाले. वाघ आणि माणूस एका रानात बसत नाहीत असं म्हणणाऱ्यांना कर्नाटकानं स्वतःच दिलेलं उत्तर आहे ते.

पण सोलिग आणि गोंड अनुसूचित जमाती आहेत. त्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वी रानात राहत होतो एवढं दाखवलं की पुरतं. आमचं गाव ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ह्या खान्यात पडतं. ह्या खान्यातल्यांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं दाखवावी लागतात. हिशेब केला तर 1930 चा डिसेंबर.

1930 साली खानापूर मुंबई इलाख्यात होतं. इथले कागद मुंबई सरकारचे, पुष्कळसे मोडीत नाहीतर बाळबोध मराठीत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची रेघ पडली आणि कागदांची भाषा आणि वाचणाऱ्याची भाषा वेगळी झाली. पुरावा होता, पण तो वाचणारा माणूस कचेरीत नव्हता. ह्या प्रकरणातली सगळ्यात मोठी अडचण वनखात्याची नव्हती, वाघाची नव्हती, ही होती.

रेघेचा दुसरा खेळ त्याहून चमत्कारिक. डोंगर उतरून गोव्यात गेलं की कुणबी, गावडा आणि वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत. इकडं खानापुरात कुणबी त्या यादीत नाहीत. मागणी जुनी आहे. सिद्दींचं तसंच झालं होतं. उत्तर कन्नडातले सिद्दी 2003 मध्ये यादीत आले. बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी 2020 उजाडावं लागलं. गवळी धनगर तर दोन्हीकडं अजून वाटच बघतायत. ज्या पोरानं मला कागद दाखवला त्याची आत्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिलेली. आत्याच्या मुलानं तिकडं दावा घातला तर त्याला 2005 पुरे. ह्याला 1930 पाहिजे. आते-मामे भाऊ, एकच देवी, आणि पुराव्यात 75 वर्षांचा फरक.

इथं एक सांभाळावं लागलं. बेळगावात मराठी आणि कागद हे दोन शब्द एकत्र आले की गोष्ट सीमाप्रश्नावर जाते. गावात दोन-चार उत्साही मंडळी तयारच होती. मोर्चा काढू, पुढाऱ्यांना बोलावू. एका म्हाताऱ्या मामांनी बैठकीत सगळ्यांना गप्प केलं. "त्यो खटला सुप्रीम कोर्टात हाय, तिकडं हुईल ते हुईल. आपल्याला रान पाहिजे. रानाला भाषा नाही." मामांचं शेवटचं वाक्य मला पटत नाही, झाडांची नावं बदलली की रान बदलतं असं माझं मत; पण त्या रात्री तेच बोलणं उपयोगी पडलं.

शीव चालून बघणं

सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा अर्ज म्हणजे नमुना ‘क’. तो भरायचा म्हणजे गावच्या पारंपरिक शिवेचा नकाशा द्यायचा. वनहक्क समितीत पंधरा जण होते, त्यांत पाच बाया. सगळ्यांच्या मनात शीव पक्की. कागदावर कुणीच काढलेली नव्हती.

सुरुवातीला पोरांनी मोबाइल घेऊन दोन दिवसांत काम उरकायचं ठरवलं. उपग्रहाच्या नकाशावर सगळं हिरवं, ओढासुद्धा दिसेना. मग आजीला घेऊन निघाले. आजी ऐंशीच्या पुढची, उन्हाळ्यात आजही कोकमं गोळा करायला जाते. ती चालली ती सरळ नाही, वळणं घेत घेत. हिथं सातेरीची राई, कुऱ्हाड लावायची नाही, वाळलेली फांदीसुद्धा आणायची नाही. हिथनं पुढं होळीनंतरच मध काढायचा. हा दगड रवळनाथाचा, गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही. ह्या खाचरात माझ्या सासऱ्याच्या बापानं भात लावलेला, बघा बांध. खरंच बांध होता, झाडीत बुजलेला, दगडावर दगड.

पोरं एकेक जागेचा बिंदू मोबाइलवर टाकत गेली. वनहक्क नियमांत पुरावे म्हणून जुनी गॅझेटियर्स, जनगणना, नकाशे चालतात. तसेच विहिरी, बांध, स्मशान, देवस्थानं चालतात. आणि दावेदार नसलेल्या जाणत्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं तरी चालतं. दंडाच्या पावत्या किंवा अतिक्रमणाच्या याद्या यांवरून तेवढ्यानंच दावा फेटाळता येत नाही, असंही त्यांत स्पष्ट आहे. 1884 साली छापलेलं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर आम्ही काढलं. पण खरं काम झालं ते आजीच्या पायांनी.

तिसऱ्या दिवशी शिवेवरच्या आंब्याला पोचलो आणि गाडं अडलं. आंब्याच्या पलीकडची उतरण कुणाची? आमच्या गावाचं म्हणणं, आमची. खालच्या गवळीवाड्याचं म्हणणं, पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या म्हशी तिथंच बसतात. वाड्यावरचे तात्या काठी टेकून उभे राहिले. "नकाशा तुमचा, गवत आमचं, मग म्हशीनं कुणाला विचारायचं?"

असं भांडण झालं तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसावं असं नियमच सांगतो. नियम लिहिणाऱ्यांना गावं ओळखीची होती म्हणायची. दोन बैठका फुकट गेल्या. पहिलीत जुनी एक रेड्याची गोष्ट निघाली, दुसरीत लग्नाची. तिसरी बैठक राईत झाली, कारण आजीनं सांगितलं की देवीच्या समोर कुणी खोटं बोलणार नाही. तिथं बाहेर आलं ते असं: उतरणीवर दोघांचाही हक्क होता, पण वेगवेगळ्या वेळी. मृगापासून पोळ्यापर्यंत म्हशी वाड्याच्या. पुढं हिरडा आणि शिकेकाई गावाची. वणवा लागला तर दोन्हीकडच्या माणसांनी यायचं, आणि होळीआधी पालापाचोळा ओढून जाळपट्टा दोघांनी मिळून करायचा.

कायद्यात चराईचा हक्क आहे, फिरत्या पशुपालकांचाही आहे. पण नकाशावर एकच रंग भरता येतो; एकाच जमिनीला दोन ऋतूंत दोन धनी हे त्यावर दाखवायचं कसं? शेवटी त्या पट्ट्यावर आडव्या-उभ्या दोन्ही रेघा मारल्या आणि बाजूला मराठीत टीप लिहिली. मला विचाराल तर सगळ्या दाव्यात ती टीप सगळ्यात मोलाची. समुदायांचं नेतृत्व म्हणून जगभर बोललं जातं ते माझ्या डोळ्यांनी मी बघितलं ते तिथं, आडव्या-उभ्या रेघांत.

सगळंच गोड होतं असं कुणी समजू नये. जानेवारी 2020 मध्ये पलीकडं गोव्याच्या म्हादई अभयारण्यात चार वाघ विषबाधेनं मेले. आपल्या बैठकीतही वाड्यावरचा एक जण म्हणाला, म्हैस गेली की भरपाईला वर्ष लागतं, तोवर पोटात काय घालायचं? त्याला कुणी उत्तर दिलं नाही. ठरावात मात्र एक ओळ वाढली: वाघानं जनावर मारलं तर चोवीस तासांत समितीनं पंचनामा लिहायचा आणि खात्याला कळवायचं, आणि तोवर मेलेल्या जनावराला कुणी हात लावायचा नाही.

अर्ध्यांची हजेरी

ग्रामसभेला निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया. पहिली सभा पंचायतीनं लावली ती दुपारी, लावणीच्या दिवसात. बाप्ये आले चाळीस, बाया आल्या चार. सभा मोडली. दुसरी रात्री आठला, राईजवळच्या देवळात. बाया आल्या, पण सभेतलं बोलणं दाव्यावर राहीना. सगळ्या एकच विचारत होत्या: रस्ता कधी?

मी थोडा वैतागलो होतो हे कबूल करतो. आम्ही सामूहिक वनसंपत्तीचं बोलतोय आणि ह्यांचं साकवावर अडलंय. मग पोरानं कायद्याचं तिसऱ्या कलमातलं दुसरं पोटकलम वाचून दाखवलं. शाळा, दवाखाना, वीज, पिण्याचं पाणी, रस्ता अशा 13 सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जंगल देता येतं, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटत नसतील तर. सभेत जीव आला. त्याच रात्री दोन ठराव झाले: एक सामूहिक हक्काचा, एक साकवाच्या जागी पुलाचा. बायांनी आधी पुलाच्या ठरावावर सह्या केल्या. क्रम त्यांनीच लावला आणि मला तो आता बरोबर वाटतो.

पैशाची गोष्ट

दावा तयार होत असताना दुसरीच वार्ता आली. अभयारण्यातल्या तळेवाडीच्या 27 कुटुंबांनी स्वेच्छेनं बाहेर यायचं ठरवलं. सरकारनं कुटुंबामागं 15 लाख रुपये जाहीर केले आणि 2025 मध्ये पहिल्या हप्त्याचे 10 लाखांचे धनादेश दिले. आमच्या गावात घरोघरी तोच विषय. ज्या घरात शिकलेली पोरगी होती तिथं ‘जाऊया’, ज्या घरात म्हशी होत्या तिथं ‘नको’. एका घरात बाप-लेक आठ दिवस बोलत नव्हते.

बाहेरून आलेल्या माणसानं इथं जपून बोलावं. जायचं म्हणणाऱ्यांना फसलेले म्हणणं सोपं आहे. ज्यानं आईला तापात साकवावरून खांद्यावर नेलंय त्याला मी काय सांगू? तळेवाडीच्या लोकांनी आपला निर्णय आपण घेतला, त्यावर मला बोलायचं नाही.

माझा आक्षेप क्रमावर आहे. वनहक्क कायदा चौथ्या कलमात सांगतो की हक्क ओळखण्याचं आणि तपासण्याचं काम पुरं होईपर्यंत कुणाला हलवता येणार नाही. अतिमहत्त्वाचा वन्यजीव अधिवास म्हणून लोकांना बाहेर काढायचं तर आधी हक्क द्यावे लागतात, सहजीवन शक्य नाही असा निष्कर्ष सरकारला काढावा लागतो, ग्रामसभेची लेखी संमती लागते, आणि मोकळी झालेली जागा पुढं दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. ‘स्वेच्छा’ हा शब्द आला की ही सगळी कलमं बाजूला राहतात, कारण स्वेच्छेनं जाणाऱ्याला कुणी हलवत नाही ना! पण ज्याच्या हातात हक्काचा कागद नाही आणि दारात रस्ता नाही, त्याची स्वेच्छा कितीशी मोकळी? हक्क आधी हातात आला आणि मग तो गेला, तर तो स्वतःचं काहीतरी सोडून जातो. हक्क नसताना गेला तर तो नुसतं अतिक्रमण हटवतो.

आणि कडेला म्हादईचं पाणी. 2018 च्या लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. कळसा आणि भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेकडं वळवायचं काम ह्याच तालुक्यात, कणकुंबी आणि नेरसे भागात यायचं आहे. उत्तर कर्नाटकाला पिण्याचं पाणी हवं हे मी नाकारत नाही, बेळगावात नळ मीही उघडतो. पण म्हशीच्या पायानं रान बिघडतं आणि यंत्राच्या दातानं बिघडत नाही, हे तात्यांना कसं समजावायचं तेवढं मला कुणीतरी सांगावं.

ग्रामसभेनं शेवटी ठराव केला तो असा: पुनर्वसनाची बोलणी करायला गाव नकार देत नाही, ती बोलणी सामूहिक आणि वैयक्तिक दाव्यांचा निर्णय झाल्यावर होतील, ज्या कुटुंबांना जायचं आहे त्यांना कुणी अडवणार नाही, त्यांची नावं वेगळ्या यादीत देऊ, आणि अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा करताना ग्रामसभेशी सल्लामसलत व्हावी. हे शेवटचं कलम आमच्या मनातलं नाही. वन्यजीव कायद्यात 2022 च्या दुरुस्तीनं, जिथं वनहक्क कायदा लागू आहे अशा अभयारण्यात ते घातलंय. माँट्रियलमधलं बाविसावं उद्दिष्ट खानापुरात उतरलं तर ते असं उतरेल.

भाषांतर

फाइल कचेरीत गेली. दोन महिन्यांनी परत आली. शेरा: जोडलेली कागदपत्रं व जबाब कन्नड भाषेत नाहीत. मी घटनेचं 350 वं कलम काढून दाखवलं. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क कुणालाही आहे. पोरगा म्हणाला, "काका, ते जोडूया की. खरं भाषांतरही देऊया. त्यांना वाचता आलं पाहिजे ना?" हा शहाणपणा माझ्यात नव्हता.

आजीची नात खानापुरात कन्नड माध्यमात शिकते. सुट्टीत ती घरी आली आणि आजीचा जबाब कन्नडात करायला बसली. सातेरीची राई, रवळनाथाचा दगड, शिवेवरचा आंबा, खाचराचा बांध. एकेक ओळ ती लिही आणि आजीला वाचून दाखवी. एका ठिकाणी आजीनं तिला थांबवलं.

"काय लिवलीस? गडी?"

"शीव गं आजी. कन्नडात शिवेला गडीच म्हणतात."

"गडी!" आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "आन् त्या गड्याला पगार कोण देनार?"

जबाब सहा पानांचा झाला. दंडाच्या पावतीची मोडी प्रत, तिचं मराठी लिप्यंतर आणि कन्नड भाषांतर अशी तीन पानं त्याच्यापुढं लावली. गवळीवाड्याची टीप नात दोनदा चुकली, कारण मृग आणि पोळा हे शब्द कचेरीत कळतील का ते तिला कळेना. शेवटी तिनं महिने घातले आणि शब्दही तसेच ठेवले. फाइल सोमवारी पुन्हा दिली. आवक क्रमांक पोरानं मोबाइलमध्ये टिपून घेतलाय, आणि मला सांगून ठेवलंय की पेटीतले आणखी दोन कागद अजून वाचायचे राहिलेत.